शेल्टरमधलं पिल्लू, पोटातले जंत आणि घरातली माणसं

गेल्या अंकात शेल्टरमधून प्राणी दत्तक घेण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला, तो म्हणजे जंत. मी पशुवैद्य आहे आणि माझं बरंचसं काम शेल्टरमध्येच चालतं. तिथे नव्याने आलेल्या कुत्र्या-मांजरांची विष्ठा मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघते, त्यामुळे या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे. पुढच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. प्राण्याच्या पोटात काय आहे हे महत्त्वाचं आहेच. पण त्याची विष्ठा किती वेळ पडून राहिली, यावर माणसाला असलेला धोका बहुतेक वेळा ठरतो. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं काढली आहेत.

दीड महिन्याचं पिल्लू शेल्टरमधून आणलं. दुसऱ्याच दिवशी त्याने उलटी केली आणि उलटीत बोटभर लांबीचे पांढरट, वळवळणारे जंत होते. घरात रांगणारं बाळ आहे. सासूबाई म्हणतात, पिल्लू आजच्या आज परत करा. शेल्टरवाल्यांनी आम्हाला फसवलं का?

नाही, फसवलेलं नाही. एवढ्या लहान पिल्लाच्या पोटात गोलकृमी नसते, तर मलाच नवल वाटलं असतं. कुत्र्याचा गोलकृमी, म्हणजे टॉक्सोकारा कॅनिस, पिल्लात बहुधा जन्माच्या आधीच शिरलेला असतो. कुत्रीला कधीतरी लागण झालेली असते, अळ्या तिच्या स्नायूंत निपचित पडून असतात. गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांच्या शरीरात जातात. काही नंतर दुधातूनही जातात. पिल्लू तीन आठवड्यांचं होतं तोवर त्याच्या आतड्यात अंडी घालणारे पूर्ण वाढलेले जंत तयार असू शकतात. म्हणूनच औषध दोन आठवड्यांच्या वयात सुरू करायचं आणि पुढे दर दोन आठवड्यांनी द्यायचं असतं. शेल्टरने एक डोस दिलाही असेल. पण औषध आतड्यातल्या जंतांना मारतं, यकृत-फुप्फुसातून अजून प्रवास करणाऱ्या अळ्यांपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. त्या अळ्या नंतर आतड्यात उतरतात, आणि मग असे जंत दिसतात. तुमच्या पिल्लाला वजनानुसार पुढचा डोस आजच द्या, दोन आठवड्यांनी परत द्या, आणि पुढचं वेळापत्रक तुमच्या पशुवैद्याकडून लिहून घ्या.

आता बाळाबद्दल. एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. आकडा ऐकून पोटात गोळा येतो हे मला कळतं. पण विष्ठेतून नुकतंच बाहेर पडलेलं अंडं कुणालाही लागण करू शकत नाही. त्याच्या आत अळी तयार व्हायला किमान दोन आठवडे, बऱ्याचदा तीन-चार आठवडे जावे लागतात, आणि त्यासाठी ऊब आणि ओलावा लागतो. हा अवधी तुमच्या हातात आहे. पिल्लाने शी केली की लगेच उचलायची, ती जागा साबणाच्या पाण्याने धुवायची. एवढं रोज झालं, तर घरातल्या फरशीवर अळीवालं अंडं तयारच होत नाही. धोका असतो तो महिनोन्महिने विष्ठा पडलेल्या मातीत. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मुलांच्या खेळायच्या वाळूत, अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे कुणी काही उचलत नाही अशा मोकळ्या जागेत ती सापडतात. बाळ माती तोंडात घालतं, त्या सवयीवर या काळात जागेपणाने लक्ष ठेवा. बाळ रांगतं त्या खोलीत पिल्लाला शी-शूची सवय लागेपर्यंत मोकळं सोडू नका.

माणसाच्या पोटात अशी अंडी गेली, तर अळ्या आतड्यातून निघून यकृत, फुप्फुसं, क्वचित डोळा किंवा मेंदू यांत भटकतात. माणसात त्यांचा पूर्ण वाढलेला जंत होत नाही. म्हणून मुलाची शी तपासून हा आजार कळत नाही, त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते. बहुतेक लागणी काही लक्षणं न दाखवताच निघून जातात. पण डोळ्यात गेलेली अळी नजर घेऊ शकते. १९५० साली हेलेनॉर वाइल्डर यांनी लहान मुलांचे काढून टाकलेले डोळे तपासले होते. डोळ्यात कर्करोगाची गाठ आहे असं समजून ते काढलेले होते, आणि त्यांतल्या कित्येक डोळ्यांत गाठ नव्हती, कृमीची अळी होती. ते वाचल्यापासून लहान मुलाचा एक डोळा तिरळा व्हायला लागला, बाहुलीत पांढरी झाक दिसली किंवा एका डोळ्याने कमी दिसतंय असं वाटलं, की मी पालकांना थांबू देत नाही, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवते. घरात पिल्लू आहे हेही त्यांना आवर्जून सांगायला सांगते.

सासूबाईंना हे उत्तर वाचायला द्या. पिल्लू परत केलं, तर ज्या मातीची भीती आहे ती बाहेर तशीच राहील. औषध सुरू असलेलं, रोज साफ ठेवलेलं पिल्लू त्या मातीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

माझ्या नातवाला रात्री गुदद्वाराशी खाज येते, बारीक पांढरे धाग्यासारखे जंत दिसले. घरात शेल्टरमधून आणलेली कुत्री आहे. सगळे म्हणतात तिच्यामुळेच झालं.

आजी, कुत्रीला दोष देऊ नका, तिचा यात काहीही संबंध नाही. हे माणसाचे सूतकृमी. ते फक्त माणसाकडून माणसाकडे जातात. कुत्र्या-मांजरांना होत नाहीत आणि त्यांच्याकडून येतही नाहीत. नातवाला शाळेतल्या किंवा खेळातल्या दुसऱ्या मुलाकडून ते आले असणार. डॉक्टर बहुधा घरातल्या सगळ्यांनाच औषध देतील आणि दोन आठवड्यांनी पुन्हा देतील. नखं बारीक कापा, सकाळी उठल्या उठल्या अंघोळ घाला, चादरी गरम पाण्यात धुवा. या एका गैरसमजापायी परत आणून सोडलेली कुत्री मी पाहिलेली आहेत, म्हणून इतकं ठासून लिहिते आहे.

मी शेल्टरमध्ये स्वयंसेवक आहे. पावसात कुत्र्यांना मागच्या मोकळ्या जागेत चपला घालून फिरवत होतो. आठवड्याभरात पायाच्या बाजूला लाल, नागमोडी रेष उठली. प्रचंड खाज आहे आणि रेष रोज थोडी पुढे सरकते आहे.

तुमच्या वर्णनावरून ही अंकुशकृमीची अळी वाटते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ते बघूनच ओळखतील. कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीची अंडी विष्ठेतून पडली की उबदार, ओल्या, सावलीच्या मातीत आठवड्याभरात त्यांच्या टोचून शिरणाऱ्या अळ्या तयार होतात. उघड्या त्वचेचा स्पर्श झाला की त्या आत घुसतात. कुत्र्याच्या शरीरात त्यांना पुढची वाट माहीत असते. माणसाच्या त्वचेत मात्र बहुतेक जाती अडकून पडतात आणि वरच्या थरातच सरपटत राहतात. दिवसाला काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. काही आठवड्यांत ती आपोआप मरते, पण खाजवून जखम चिघळते, म्हणून वाट बघत बसू नका. डॉक्टरांकडे यावर चांगली औषधं आहेत.

सगळ्याच जाती त्वचेत थांबत नाहीत. आशियात आढळणारी अँसायलोस्टोमा सेलॅनिकम ही कुत्र्या-मांजरांतली जात माणसाच्या आतड्यात पूर्ण वाढते आणि रक्त पिते. तेव्हा पोटदुखी, अशक्तपणा, रक्त कमी होणं असं काही जाणवलं, तर शेल्टरमध्ये काम करतो हे डॉक्टरांना सांगा.

यापुढे बंद बूट घाला, निदान ओल्या दिवसांत तरी. आणि तुमच्या शेल्टरच्या व्यवस्थापकांना माझ्याकडून सांगा, की ती मागची जागा कोरडी कशी राहील ते बघा. अंकुशकृमीची अळी उन्हाला आणि कोरडेपणाला टिकत नाही. पाणी साचू न देणं, गवत बारीक कापणं, झाडाची खालची दाट फांदी छाटून ऊन आत येऊ देणं, याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही फवाऱ्याने पडत नाही. स्वयंसेवकाच्या पायावर ही रेष उठली याचा दुसरा अर्थ असा, की त्या मातीत खेळणारी पिल्लंही तिथूनच लागण घेत आहेत. त्यांच्या हिरड्या आज बघा. फिकट हिरड्या आणि डांबरासारखी काळी शी असेल, तर पिल्लू रक्त गमावतंय. अशा पिल्लाच्या विष्ठेत कधी कधी अंडी दिसायच्या आधीच ते दगावतं, म्हणून मी तपासणीच्या निकालासाठी थांबत नाही, औषध आधी देते.

आमच्या छोट्या शेल्टरमध्ये आम्ही रोज सगळीकडे ब्लीच मारतो. तरी पिल्लांचे जुलाब थांबत नाहीत. कधी जिआर्डिया, कधी कॉक्सिडिया असा अहवाल येतो. आम्ही अजून काय करायचं? आणि आमच्या कामगारांना धोका किती?

तुमच्या पत्रातला थकवा मला कळतो. मनापासून मेहनत करूनही पिल्लं आजारी पडतात, तेव्हा माणसं मोडून जातात. मेहनत कमी पडत नाहीये, ती चुकीच्या जागी लागते आहे. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म, एकपेशी परजीवी. विष्ठेतून ते कवचबंद रूपात बाहेर पडतात, त्यांना कोश म्हणतात.

विष्ठेचा थर असताना ओतलेलं ब्लीच वाया जातं. आधी घाण उचलायची, मग साबणाने घासायचं, धुवायचं, मगच जंतुनाशक, आणि शेवटी कोरडं होऊ द्यायचं. कोरडं करण्याची पायरी सगळे गाळतात. जिआर्डियाच्या कोशांना कोरडेपणा सहन होत नाही. ओल्या फरशीवर पिल्लू परत सोडलं, तर सगळं मुसळ केरात. लघवी साचलेल्या जागी थेट ब्लीच ओतू नका, त्यातून निघणारा वायू कामगारांच्या आणि पिल्लांच्या फुप्फुसांना त्रास देतो. पिल्लू पिंजऱ्यात असताना जोरात पाण्याचा पाइप मारू नका. विष्ठेचे शिंतोडे त्याच्या अंगावर उडतात, शेजारच्या पिंजऱ्यात जातात, तुमच्या तोंडावरही येतात.

ब्लीचच्या मर्यादा कामगारांना समजावून सांगा. गोलकृमीच्या अंड्याचं बाहेरचं चिकट आवरण ब्लीचने निघतं, त्यामुळे ते धुवून जायला मदत होते, पण आतली अळी मरत नाही. कॉक्सिडियाच्या कोशांवर नेहमीची जंतुनाशकं चालत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम या अशाच आणखी एका परजीवीला तर क्लोरीनची पर्वाच नाही. या सगळ्यांवर चालते ती उष्णता : उकळतं पाणी किंवा वाफ. आणि त्याहून खात्रीचं म्हणजे दिवसातून दोनदा विष्ठा उचलणं. कॉक्सिडियाचे कोश पडल्या पडल्या लागण करत नाहीत, त्यांना पक्व व्हायला वेळ लागतो. तो वेळच त्यांना द्यायचा नाही. जिआर्डियाचं तसं नाही. त्याचे कोश बाहेर पडताक्षणीच लागण करू शकतात. म्हणून जिआर्डियाच्या पिल्लांना औषध चालू असताना शेपटीखालचा भाग स्वच्छ ठेवा आणि उपचाराच्या शेवटच्या दिवशी अंघोळ घाला. केसांना चिकटलेले कोश चाटून ते स्वतःलाच पुन्हा लागण करून घेतात.

साफसफाईचा क्रमही बदला. आधी निरोगी पिल्लांच्या खोल्या, मग निरोगी मोठे प्राणी, शेवटी नव्याने आलेले आणि आजारी. प्रत्येक विभागाचा झाडू, सुपली, बूट वेगळे. एकच बादली आणि एकच पोछा घेऊन सगळीकडे फिरणं म्हणजे आजार स्वतःच्या हाताने वाटत जाणं. आणि नवीन आलेल्या प्रत्येक प्राण्याला, तो कितीही गुबगुबीत दिसो, आत घेतानाच जंताचं औषध द्या.

कामगारांना धोका किती? कुत्र्या-मांजरांच्या कॉक्सिडियापासून, म्हणजे सिस्टोआयसोस्पोरापासून, माणसाला काहीही होत नाही. जिआर्डियाचे वेगवेगळे प्रकार आहेत. कुत्र्यांत बहुतेक वेळा सी आणि डी सापडतात, मांजरांत एफ. माणसाला आजारी पाडणारे ए आणि बी. हे कधीकधी कुत्र्या-मांजरांतही असतात, म्हणून धोका शून्य नाही, पण कमी आहे. हातमोजे, त्यानंतर साबणाने हात धुणं, आणि कामाच्या जागी न खाणं-पिणं, हे तिन्ही नियम काटेकोरपणे पाळले तर माझ्या मते कामगारांनी धास्तावण्याचं कारण नाही. ते पाळायला मात्र त्यांना वेळ आणि हात धुवायची जागा मिळाली पाहिजे. ती जबाबदारी तुमची आहे.

शेल्टरने विष्ठा तपासणीचा अहवाल दिला : ‘जंत आढळले नाहीत’. पंधरा दिवसांत आमच्या कुत्र्याच्या शीत जंत दिसले. अहवाल खोटा होता का?

अहवाल खरा होता, त्याचा अर्थ मात्र मर्यादित होता. आम्ही विष्ठा मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणात कालवतो, अंडी वर तरंगतात, ती काचेवर घेऊन बघतो. अंडी दिसायला मादी वयात आलेली लागते. गोलकृमीला त्यासाठी महिनाभर लागतो, चाबूककृमीला तर तीनेक महिने. त्याआधी पोट जंतांनी भरलेलं असलं, तरी काच स्वच्छ दिसते. पट्टकृमी तर या पद्धतीत बऱ्याचदा निसटतोच, कारण त्याची अंडी तुकड्यांत बंद असतात. जिआर्डियाचे कोश एक दिवस पडतात, दुसऱ्या दिवशी नाही.

उलटंही होतं. कुत्रा मांजराची किंवा दुसऱ्या कुत्र्याची विष्ठा खातो, तेव्हा त्यातली अंडी नुसतीच त्याच्या पोटातून पार होतात आणि अहवालात भलताच जंत दिसतो. म्हणून एका अहवालावर मी कधी भरवसा ठेवत नाही. नमुना ताजा द्या, तासन्‌तास पडलेला नको, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

मी चार महिन्यांची गरोदर आहे. घरात दोन वर्षांपूर्वी शेल्टरमधून आणलेली मांजर आहे. नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला घालवून द्यायला सांगतात. मला रात्र रात्र झोप येत नाही.

मांजर घालवू नका. मी हे शांतपणे आणि विचार करून सांगते आहे.

सगळे घाबरतात ते टॉक्सोप्लाझ्माला, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणाऱ्या एका एकपेशी परजीवीला. ती भीती खरी आहे. गरोदरपणात आईला आयुष्यातली पहिली लागण झाली, तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. मांजर हीच या परजीवीची खरी यजमान, हे १९७० च्या सुमारास सिद्ध झालं आणि तेव्हापासून मांजरांवर जो शिक्का बसला तो पुसलाच गेला नाही. पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत. मांजर सहसा पहिल्या लागणीच्या वेळीच त्याचे कोश विष्ठेतून टाकते, तेही एक ते तीन आठवडे. शिकार करू लागलेल्या किंवा कच्चं मांस मिळणाऱ्या पिल्लांत हे जास्त घडतं. तुमची मांजर मोठी आहे. ती घराबाहेर जात नसेल आणि कच्चं मांस खात नसेल, तर नेमकी याच महिन्यांत ती कोश टाकत असण्याची शक्यता फारच कमी.

शिवाय कोश पडल्यावर लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे तिचा लिटर ट्रे, म्हणजे शी-शूचं भांडं, दररोज साफ झाला, तर धोका तिथेच संपतो. हे काम या महिन्यांत घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. नवऱ्याला सांगा, सासऱ्यांना सांगा. अगदीच कुणी नसेल, तर हातमोजे घालून रोज करा आणि हात साबणाने धुवा. मांजरीला कुरवाळण्याने, ती मांडीवर झोपल्याने टॉक्सोप्लाझ्मा होत नाही. ती स्वतःला चाटून इतकी स्वच्छ ठेवते की केसांवर पक्व कोश राहत नाहीत.

नीट न शिजलेलं मांस, न धुतलेल्या पालेभाज्या आणि बागेची माती, यांच्याकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. टॉक्सोप्लाझ्मा तिथून जास्त येतो. मांस पूर्ण शिजवा, भाज्या वाहत्या पाण्यात धुवा, कुंड्यांत हात घालताना मोजे घाला. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना टॉक्सोप्लाझ्माच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करायची का ते विचारा. पूर्वीच लागण होऊन गेलेली असेल, तर तुम्ही बऱ्यापैकी संरक्षित आहात. एकच गोष्ट या काळात टाळा : रस्त्यावरचं किंवा शेल्टरमधलं नवीन मांजराचं पिल्लू घरी आणणं. त्यासाठी बाळंतपणानंतर भरपूर वेळ आहे.

शेल्टरमधून आणलेल्या कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. हलतंही. औषध दिलं तरी महिन्याभरात परत तेच.

हे पट्टकृमीचे तुकडे, आणि ते परत येतात याचं कारण पिसवा आहेत. या पट्टकृमीची अळी पिसवेच्या शरीरात वाढते. कुत्रा खाजवताना पिसू गिळतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. जंताच्या औषधात प्राझिक्वान्टेल आहे ना बघा, नेहमीच्या गोलकृमीच्या औषधाने हा जात नाही. त्याबरोबरच घरातल्या प्रत्येक प्राण्याला पिसवांचं औषध द्या, अंथरुणं धुवा, कानाकोपरे झाडा. मात्र कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजरीला चुकूनही लावू नका, ती मरू शकते. माणसाला हा पट्टकृमी व्हायचा तर पिसू गिळावी लागते. तसं लहान मुलांत क्वचित होतं आणि सहज बरं होतं.

खरी काळजी वेगळ्या पट्टकृमीची. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, त्याचे तुकडे डोळ्यांना दिसतही नाहीत. मेंढ्या-बकऱ्यांचं गाठी असलेलं कच्चं यकृत, फुप्फुस खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्यात तो वाढतो. त्याची अंडी बाहेर पडल्या पडल्या लागण करू शकतात, इथे वेळ आपल्या बाजूने नसतो. माणसाच्या पोटात ती गेली, तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहते. सोनोग्राफीत अचानक सापडते, शस्त्रक्रिया करावी लागते. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात या आजाराने घरंच्या घरं ग्रासली होती. १८६० च्या दशकात तिथे लोकांना पुस्तिका वाटून शिकवायला सुरुवात झाली, की कापलेल्या जनावराचे आतले अवयव कुत्र्यापुढे टाकू नका. तो आजार तिथून नाहीसा झाला. न्यूझीलंडनेही २००२ साली आपण त्यातून मुक्त झाल्याचं तात्पुरतं जाहीर केलं. तुमचा कुत्रा शेल्टरमध्ये येण्याआधी कत्तलखान्याच्या किंवा मेंढपाळांच्या आसपास वाढला असेल, तर पशुवैद्याला ते सांगा. मी अशा कुत्र्यांना ठरावीक काळाने प्राझिक्वान्टेल देते, अहवाल काहीही येवो.

जंतांवर लसूण चालतो का? किंवा घरात माणसांची अल्बेंडाझोलची गोळी आहे, ती अर्धी दिली तर?

दोन्ही नको. लसूण आणि कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि जंतांवर लसणाचा उपयोग नाही. अल्बेंडाझोलने कुत्र्या-मांजरांची अस्थिमज्जा दबल्याच्या नोंदी आहेत. पिल्लांसाठी पायरँटेल, फेनबेंडाझोल अशी सुरक्षित औषधं असताना अंदाजाने अर्धी गोळी तोडायची गरज काय? पिल्लाचं वजन करा आणि पशुवैद्याला फोन करा.

मी दहावीत आहे. रविवारी शेल्टरमध्ये मदत करते. कुत्रे माझं तोंड चाटतात, मला खूप आवडतं. आई ओरडते.

बाळा, आईचं थोडं ऐक. कुत्र्याची जीभ काही क्षणांपूर्वी कुठे होती हे आपल्याला माहीत नसतं, आणि शेल्टरमधल्या नव्या कुत्र्याचा जिआर्डियाही अजून तपासलेला नसतो. त्याला हात, दंड चाटू दे, तोंड नको. काम झालं की कोपरापर्यंत हात धू, नखांतली माती ब्रशने काढ, मगच डबा उघड. तिथे वापरलेले बूट घराबाहेर काढून ठेव. आणि रविवारचं जाणं सोडू नकोस. तुझ्याएवढ्या वयात प्राण्यांची शी न किळस करता उचलणारी मुलं मला शेल्टरमध्ये फार हवी आहेत.

माझं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं आहे. प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या कायम चालू आहेत. घरात एकटेपणा आहे, शेल्टरमधून कुत्रा आणावासा वाटतो. डॉक्टर स्पष्ट नाही म्हणत नाहीत, पण हो सुद्धा म्हणत नाहीत.

तुमच्यासाठी उत्तर हो आहे, पण निवड काळजीपूर्वक करायची. पिल्लू नको. सहा महिन्यांपेक्षा मोठा, शांत, जुलाब नसलेला, शेल्टरमध्ये काही आठवडे राहून औषधोपचार पूर्ण झालेला कुत्रा निवडा. क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया ही तपासणी मुद्दाम करून घ्या. निरोगी माणसाला आठवडा-दोन आठवडे त्रास देणारा क्रिप्टोस्पोरिडियम तुमच्यासारख्याला दीर्घकाळ अंथरुणाला खिळवू शकतो. कुत्र्याला कच्चं मांस द्यायचं नाही. साचलेलं, गटाराचं पाणी पिऊ द्यायचं नाही. विष्ठा दुसऱ्या कुणाला उचलता आली तर उत्तम, नाही तर हातमोजे घालून लगेच उचला.

तुमच्या डॉक्टरांशी स्ट्रॉन्जिलॉइड्सबद्दलही बोला. हा कृमी माणसात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि स्टेरॉइडसारख्या औषधांमुळे एकदम उसळून जिवावर बेतू शकतो. बहुतेकांना तो मातीतून लागलेला असतो, कुत्र्यांतही सापडतो. तुमची तपासणी आधी झाली आहे का, हे विचारून घ्या. कुत्र्याचीही करता येते.

शेल्टरमध्ये गेलात की या गोष्टी लिहून घ्या : जंताचं औषध कोणतं दिलं, कुठल्या तारखेला, तेव्हा वजन किती होतं, विष्ठा तपासणी कधी झाली, आणि कुत्रा तिथे येण्याआधी कुठे राहत होता. हा कागद तुमच्या पशुवैद्याला आणि तुमच्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना, दोघांनाही दाखवा. वयस्क कुत्र्यांना घर मिळायला फार वेळ लागतो. तुम्हाला जसा कुत्रा हवा आहे, तसेच कितीतरी कुत्रे शेल्टरच्या मागच्या रांगेत बसलेले असतात. तिथल्या लोकांना तुमची तब्येत मोकळेपणाने सांगा, ते नेमका बघून देतील.